चर्चच्या कॉलेजात इतिहास शिकायला पाठवू का?

पत्र:

बाई, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. मी अंगणवाडीत सेविका आहे. मिस्टर पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे, आता मिळेल ते काम करतात. मुलगी यंदा बारावी आर्ट्स चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला म्हापशाला चर्चच्या कॉलेजात बी.ए. करायचंय. कधी इतिहास म्हणते, कधी सायकोलॉजी. माझे दीर म्हणतात, आर्ट्स करून कुणाचं भलं झालंय, निदान बी.कॉम. तरी करू दे. सासूबाईंना ते कॉलेज पाद्रींचं आहे हेच पटत नाही. त्या म्हणतात, ज्यांनी देवळं पाडली त्यांच्याकडे जाऊन इतिहास शिकायचा? माझी भीती वेगळीच आहे. पोरीची प्राथमिक शाळा मराठीतली. तिथल्या मुली फाडफाड इंग्रजी बोलतात. ही तिथे मागच्या बाकावर गप्प बसून तीन वर्षं काढेल, असं वाटतं. काय करू?
एक आई, सत्तरी

उत्तर:

ताई,

सुरुवात सासूबाईंपासून करते. त्यांचा प्रश्न सगळ्यांत जड आहे. ‘आता ते दिवस गेले’ असं म्हणून तो बाजूला सारणं मला पटत नाही.

त्या म्हणतात ते घडलेलं आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा तेव्हाच फोंड्याच्या बाजूला नेली गेली, कारण तो मुलूख पोर्तुगीजांच्या हाताबाहेर होता. 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात आलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर 1812 पर्यंत राहिलं. त्याचा जाच नव्याने ख्रिस्ती झालेल्या आपल्याच माणसांनीही सोसला, हे सासूबाईंना सांगा. तुमची सत्तरी बऱ्याच उशिरा, नव्या काबिजादीत (मागाहून जिंकलेल्या मुलखात) पोर्तुगीजांकडे गेली. पण आठवणी तालुक्याची हद्द पाळत नाहीत.

मग असा इतिहास चर्चच्या कॉलेजात कसा शिकवतात? गोवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचा असतो, कॉलेज कुणाच्याही मालकीचं असो. स्वायत्त झालेली कॉलेजं आपला अभ्यासक्रम आपण बनवतात, पण पदवी विद्यापीठाचीच देतात. म्हणजे संस्थाचालकांना नको म्हणून एखादं शतक पुस्तकातून गाळलं, असं सहजी होत नाही. फरक पडतो तो शिकवणाऱ्यावर. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. प्रवेश घेण्याआधी इतिहास विभागाच्या प्रमुखांना भेटा आणि मुलीला सरळ विचारायला सांगा: ‘धर्मांतर आणि इन्क्विझिशन तुम्ही कसं शिकवता? आम्हाला वाचायला काय देता?’ त्यांनी दोन-चार अभ्यासकांची नावं घेतली, कागदपत्रांबद्दल सांगितलं, कुठे मतभेद आहेत ते उलगडलं, तर तिथे बिनधास्त पाठवा. विषय बदलला तर विचार करा. उद्या तुम्ही एखाद्या हिंदू संस्थेच्या कॉलेजात गेलात तर तिथेही असाच एक अवघड प्रश्न विचारा. देवळांमधली जातीची उतरंड, कुळं आणि भाटकार (जमीनदार) यांबद्दल विचारा. कसोटी दोन्हीकडे एकच हवी.

सासूबाईंना आणखी दोघांविषयी सांगता येईल. तेओतोनियो द सौझा हे जेझुइट पाद्री होते. त्यांनी पुणे विद्यापीठात पीएच.डी. केली आणि सतराव्या शतकातल्या गोव्याच्या गावांवर, तिथल्या करांवर आणि पिळवणुकीवर लिहिलं. ते लिहिताना त्यांनी चर्चलाही सोडलं नाही. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चचे ते बरीच वर्षं संचालक होते. दुसरे पिळर्णचे पांडुरंग पिसुर्लेकर. त्यांचा जन्म 1894 चा. पोर्तुगीज राजवटीतच ते पणजीच्या दफ्तरखान्याचे प्रमुख झाले आणि पोर्तुगीज कागदांतून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचा मोठा भाग बाहेर काढला. एक ख्रिस्ती धर्मगुरू आणि एक हिंदू दफ्तरदार. दोघांनीही कागद वाचले आणि त्यात जे होतं ते लिहिलं. गोव्याचा इतिहास शिकायचा तर या दोघांचाही हात धरावा लागतो.

याच गोव्यात 1556 साली जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला. 1616 साली रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ते मराठीत आहे, ओवीत आहे आणि त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. ज्या व्यवस्थेने इथल्या पोथ्या नष्ट केल्या, त्याच व्यवस्थेतल्या एका माणसाने मराठी भाषेवर इतकं प्रेम केलं. हे दोन्ही एकाच काळात कसं घडलं, हा प्रश्न घेऊन तुमची मुलगी वर्गात बसली तर मला फार आनंद होईल.

घरात दुसरी शंका निघेल ती प्रार्थनेची. तिथे सकाळी प्रार्थना असेल, सणाला मिस (चर्चमधली उपासना) असेल. तिला जावं लागेल का? घटनेच्या कलम 28 मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. आणि कलम 29 म्हणतं की अनुदान घेणारी संस्था केवळ धर्म, जात, वंश किंवा भाषा पाहून प्रवेश नाकारू शकत नाही. त्यामुळे तुमची मुलगी तिथे कुणाच्या मेहेरबानीने जाणार नाही. ती हक्काने जाईल. एक गोष्ट मात्र आधी विचारून घ्या. शिक्षणसंस्थांतल्या राखीव जागांसाठी सरकारला कायदा करण्याची मुभा देणाऱ्या कलम 15(5) मधून अल्पसंख्याक संस्था वगळलेल्या आहेत. तुमच्याकडे जातीचा दाखला असला तरी तिथे राखीव जागा असेलच असं धरून चालू नका. शिष्यवृत्त्या विद्यार्थिनीच्या दाखल्यावर मिळतात, त्या वेगळ्या.

आणि ‘चर्चचं कॉलेज’ असं आपण सरसकट म्हणतो, पण सगळी एका साच्यातली नाहीत. म्हापशाचं सेंट झेवियर्स 1963 चं आहे, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर दोनच वर्षांत निघालेलं. ते आणि नावेलीचं रोझरी ही आर्चडायोसीसची, म्हणजे बिशपांच्या कारभारातली. नुवेचं कार्मेल सिस्टरांचं आहे आणि ते मुलींसाठी आहे. पिलारला पिलारच्या पाद्रींचं. प्रत्येकाची शिस्त वेगळी, वातावरण वेगळं. तुम्ही पत्रात कॉलेजचं नाव लिहिलंय, ते मी इथे मुद्दाम देत नाही. पण खाली जे सांगते ते कुठल्याही कॉलेजला लागू पडेल.

माझं म्हणणं एवढंच आहे, ताई, की तुम्ही संस्था पाहू नका, विभाग पाहा. एकाच इमारतीत एक विभाग जिवंत असतो आणि शेजारचा नुसता वेळापत्रकापुरता असतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात दोघांचीही पानं सारखीच छापलेली असतात. ओळखायचं कसं?

आधी ग्रंथालयात जा. इतिहास आणि समाजशास्त्राच्या कपाटांपुढे उभं राहून गेल्या पाच-सहा वर्षांतली पुस्तकं किती आहेत ते बघा. पुस्तक काढून मागचं पान उघडा. तारखांचे शिक्के मुलं पुस्तकं घरी नेतात की नाही ते सांगतील. संगणकावर नोंद होत असेल तर काउंटरवर विचारा, ग्रंथपाल आनंदाने सांगतात. मग विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रोजेक्ट बघायला मागा. यावर मी सगळ्यांत जास्त भरवसा ठेवते. प्रोजेक्टमध्ये आपल्या गावाचं नाव, माणसांच्या मुलाखती, जुने फोटो, हाताने काढलेला नकाशा, पंचायतीचे कागद असं काही दिसलं तर समजा की तिथले शिक्षक मुलांना घराबाहेर काढतात. दहा प्रोजेक्टांत तेच परिच्छेद दिसले तर इंटरनेटवरून उतरवलेत. ते ओळखायला फार शिकलेलं असायला लागत नाही.

तिसरं, शिक्षक कायम आहेत की लेक्चर बेसिसवर (तासागणिक पैशांवर) आहेत, ते विचारा. हे विचारताना संकोच वाटेल, पण विचारा. लेक्चर बेसिसवरचे कितीतरी शिक्षक जीव तोडून शिकवतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो तुमच्या मुलीला तीन वर्षांच्या प्रोजेक्टची वाट कशी दाखवणार? विभागात निदान दोघं-तिघं टिकून असलेले शिक्षक हवेत. अनुदानित कॉलेजात कायम शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात. त्यामुळे ती पदं भरलीत की रिकामी आहेत, हे जाणून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. हे सगळं शिक्षकांना विचारलंत तरी तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींनाही विचारा. कँटीनमध्ये बसून त्या जे सांगतील ते माहितीपत्रकात कधीच नसतं.

आता इतिहास की सायकोलॉजी. मला तुमच्या मुलीला हा प्रश्न उलटा विचारायचाय: तुला सायकोलॉजी हवीय, की तुझ्या मैत्रिणी घेतायत म्हणून? हल्ली बहुतेक कॉलेजांत सायकोलॉजीला सगळ्यांत जास्त गर्दी असते. विषय सुंदर आहे आणि गोव्यात समुपदेशकांची गरजही खरी आहे. पण बी.ए. सायकोलॉजी करून कुणी समुपदेशक होत नाही. एम.ए. लागतं. दवाखान्यात मानसिक आजारांवर क्लिनिकल सायकोलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला पुढचा अभ्यासक्रम आणि त्यांची नोंदणी लागते. म्हणजे सहा-सात वर्षांचा रस्ता, आणि पुढच्या जागा थोड्या. तिची तेवढी तयारी असेल, माणसांचं ऐकून घेण्याचा तिचा स्वभाव असेल, आणि ‘संख्याशास्त्र’ म्हटल्यावर ती पळून जात नसेल, तर जरूर घेऊ दे. नसेल तर इतिहास मुख्य आणि सायकोलॉजी किंवा समाजशास्त्र दुय्यम अशी जोडणी करता येते का ते बघा. नव्या शिक्षण धोरणाप्रमाणे 2023-24 पासून आपल्याकडे मेजर-मायनरची पद्धत आली आहे. तीन वर्षांनी 120 क्रेडिट घेऊन बी.ए. पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं तर 160 क्रेडिटची ऑनर्स पदवी मिळते. चौथ्या वर्षी संशोधन करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरना मिळून 75 टक्के लागतात. पहिल्या वर्षानंतर मेजर बदलण्याची मुभा यूजीसीच्या चौकटीत आहे, पण त्या विषयात जागा शिल्लक असली तरच. हे ऑफिसात नीट विचारा आणि कोणती मायनर कशाबरोबर बसते, त्याचा कागद घेऊन या.

माझा स्वतःचा ओढा कुठे आहे हे लपवत नाही. तुमच्या मुलीने इतिहास घ्यावा आणि सोबत समाजशास्त्र घ्यावं असं मला वाटतं. आणि याचं कारण सत्तरी आहे.

जुन्या काबिजादीबद्दल कागद भरपूर आहेत. चर्चच्या नोंदवह्या आहेत, कोमुनिदादींची (गावकऱ्यांच्या सामायिक जमीनसंस्थांची) दप्तरं आहेत, रोमला आणि लिस्बनला गेलेली पत्रं आहेत. त्यामुळे तिसवाडी-सासष्टीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. तुमच्याकडचा इतिहास बराचसा माणसांच्या तोंडात, मांडावर (गावातल्या उत्सवाच्या जागेवर) आणि देवळांच्या रिवाजात आहे. 1852 साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड करून नाणूसचा किल्ला घेतला. त्या किल्ल्याच्या आसपासच्या वाड्यांवर आजही काय सांगितलं जातं, ते विचारायला कुणीतरी जायला हवं. मोकाशे जमीन (जुन्या सरदारांना इनाम मिळालेली) आणि आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेली जमीन) यांचा घोळ तुम्हाला मी सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद नावावर नाही, हे सत्तरीतल्या कितीतरी घरांचं दुखणं आहे. त्याचं मूळ शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीज फर्मानांत आहे. ती फर्मानं पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहेत. 1595 साली सुरू झालेलं ते दफ्तर देशातल्या फार जुन्या दफ्तरांपैकी एक आहे. पोर्तुगीज वाचता येणारी मुलं थोडी. मोडी वाचणारी त्याहून थोडी. ज्या मुलीला मराठी येतं, तिला मोडी शिकायला फार काळ लागत नाही. पोर्तुगीज शिकण्याची सोय गोवा विद्यापीठात आहे.

आणि खाणी. तुमच्या यजमानांचा ट्रक 2012 साली खाणबंदीत थांबला असेल, मध्ये थोडा चालला असेल आणि 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबला असेल. त्या ट्रकचे हप्ते कसे फेडले, वाड्यावरच्या कुठल्या घरातली बाई त्यानंतर कामाला बाहेर पडली, कोण पोरं पर्यटनाकडे किनारपट्टीवर गेली, शेतं परत कुणी कसायला घेतली? समाजशास्त्राच्या विभागात हेच अभ्यासायचं असतं. तुम्ही अंगणवाडीत रोज ज्या घरांत जाता, त्या घरांबद्दलच्या तुमच्या माहितीचा एखाद्या संशोधकाला हेवा वाटेल. शंखवाळच्या धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव दामोदर कोसंबी हे खरे गणिताचे माणूस. पण जुन्या काबिजादीतल्या गावकरी पद्धतीवर त्यांनी 1947 साली लेख लिहिला. गोवा विद्यापीठाच्या सामाजिक शास्त्रांच्या शाखेला आज त्यांचंच नाव आहे. तसा अभ्यास सत्तरीवर व्हायचा बाकी आहे. तो सत्तरीच्या मुलीने केला तर किती वेगळा होईल!

म्हणून मागच्या बाकाची तुमची भीती मला कळते, पण ती तशीच मान्य करवत नाही. इंग्रजीचा त्रास होईल. पहिलं सेमिस्टर जड जाईल, रडूही येईल. ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे आल्यावर ती घाबरणार नाही. पण गोव्यातल्या कॉलेजांत वर्गात इंग्रजी आणि वर्गाबाहेर कोंकणी, असंच बहुतेक असतं. फाडफाड बोलणाऱ्या मुलींपैकी कित्येकींना लिहिताना तेवढंच अडखळायला होतं. कॉलेजात मार्क लिहिण्याला मिळतात. तिला आत्तापासून, प्रवेश होईपर्यंतच्या दिवसांत, एक सवय लावा. रोज इंग्रजी पेपरातली गोव्याची एक बातमी वाचायची आणि पेपर बंद करून ती आपल्या शब्दांत दहा ओळीत लिहायची. चुका होऊ द्या. जो शब्द अडला त्याचा अर्थ मराठीत लिहून ठेवायचा. समाजशास्त्रात आणि इतिहासात ठरावीक दीड-दोनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते एकदा ओळखीचे झाले की वाचन सुटतं. वर्गात शंका विचारायची हिंमत नसेल तर तास संपल्यावर कोंकणीत किंवा मराठीत विचारायची. चांगला शिक्षक तेवढ्यासाठी थांबतो. फादर असोत, सिस्टर असोत की आणखी कुणी, ज्या शिक्षकाला मुलीच्या मराठीबद्दल तिटकारा दिसला, त्याच्याबद्दल विभागप्रमुखांकडे बोलायला कचरू नका. त्याच कॉलेजात मराठीचा विभाग असेल तर तिला पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन ओळख करून घ्यायला सांगा. विषय घेतला नाही तरी चालेल. आपल्या भाषेत बोलणारी चार माणसं कॉलेजात ठाऊक असली की बाकीचं पेलवतं.

दिरांचं म्हणणं राहिलं. ते काळजीपोटी बोलतात आणि घरची कमाई थांबलेली असताना कुणीही तेच बोलेल. त्यांना हे सांगा: नुसत्या बी.ए.वर नोकरी मिळणं कठीण आहे, हे खरं. नुसत्या बी.कॉम.वरही तेच. आणि आकड्यांत मन नसलेल्या मुलीने केलेलं बी.कॉम. तर कुठेच नेत नाही. बी.ए. नंतर बी.एड. करून ती हायस्कूलमध्ये शिकवू शकते. एम.ए. आणि बी.एड. असेल तर हायर सेकंडरीत. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला निदान 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. राज्य सरकारच्या, गोवा लोकसेवा आयोगाच्या कित्येक पदांना कुठलीही पदवी चालते. तिथे कोंकणी आवश्यक असते आणि मराठी असणं इष्ट मानतात, म्हणजे ही बाजू तुमच्या मुलीची पक्की आहे. त्या परीक्षांना इतिहास, राज्यघटना आणि भूगोल विचारतात, तेही तिचंच. तीन वर्षांनी कायद्याकडे वळायचं म्हटलं तर मिरामार आणि मडगावला लॉ कॉलेज आहे. मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारे), कुळ, मोकाशे यांचे खटले समजणाऱ्या वकिलाला सत्तरीत काम कमी पडेल, असं मला वाटत नाही. यातलं कुठलंही आपोआप होत नाही. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून तयारी लागते, हेही दिरांना प्रामाणिकपणे सांगा.

पैशाचं म्हणाल तर अनुदानित विषय आणि स्वयंअर्थसाहाय्यित कोर्स यांच्या फीमध्ये बराच फरक असतो. एकाच कॉलेजात दोन्ही असतात. तिला हवा तो विषय कशात मोडतो ते फॉर्म भरण्याआधी विचारा. उच्च शिक्षण संचालनालयाची बर्सरी (आर्थिक मदत) योजना आहे, तिची चौकशी कॉलेजच्या ऑफिसातच होते. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्जही आहे, पण बी.ए.साठी कर्ज काढायची वेळ शक्यतो येऊ देऊ नका.

प्रवासाकडे तुम्ही पत्रात लक्षच दिलेलं नाही, म्हणून ते काढते. वाळपईहून साखळी, डिचोली, अस्नोडा करत म्हापशाला रोज जाऊन येणं सोपं नाही. पावसात तर नाहीच. वाळपईपासून जवळ साखळीला सरकारी कॉलेज आहे. तिथला इतिहास किंवा समाजशास्त्राचा विभाग वर सांगितलेल्या तपासणीत चांगला उतरला, तर मी बिनदिक्कत साखळी म्हणेन. वाचलेले दोन तास तिच्या वाचनाला मिळतील. दोन्हीकडे जा, एकाच आठवड्यात जा, म्हणजे तुलना ताजी राहील. म्हापशाचा विभाग खरोखरच उजवा वाटला तर तिथे राहण्याची काय सोय होते ते पाहा. सिस्टरांची वसतिगृहं असतात, त्यांत हिंदू मुलीही राहतात. जेवणाचं, वारांचं, उपवासाचं आधीच बोलून घ्या. रोजच जायचं ठरलं तर कदंब बसचा पास काढा आणि शेवटची परतीची बस किती वाजता सुटते हे स्वतः स्टँडवर जाऊन विचारा. ग्रंथालयात बसण्याचा वेळ त्या बसवर ठरतो.

म्हापशाला जाल तेव्हा सासूबाईंना घेऊन जा. त्यांनाही त्या प्रमुखांसमोर बसू द्या आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच तोंडून विचारू द्या. समोरच्या माणसाने एका म्हाताऱ्या बाईला किती आदराने आणि किती खरं उत्तर दिलं, त्यावरून तुम्हाला आणि मुलीलाही विभागाबद्दल बरंच कळेल. उत्तर पटलं नाही असं सासूबाई म्हणाल्या, तर त्यांना काय खटकलं तेही नीट ऐका. मात्र शेवटचा शब्द मुलीचा राहू द्या. तीन वर्षं अभ्यास तिने करायचाय.

जाण्याआधी मामलेदार कचेरीतून रहिवासी दाखला आणि उत्पन्नाचा दाखला काढा, आणि लागत असेल तर जातीचा दाखलाही मिळवून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात आणि दाखल्याअभावी बर्सरीची मुदत निघून जाते. प्रवेश कुठे आणि कशाला घेतला, ते मला जरूर कळवा. मुलीने मोडी शिकायचं मनावर घेतलं तर तेही लिहा. सुरुवात कुठून करायची ते मी तिला वेगळ्या पत्राने सांगेन.